अजिंठ्याच्या भिंतीपुढची वही

क्षेत्रभेटीस निघालेल्या विद्यार्थ्याजवळ हल्ली मोबाईल असतो. छायाचित्रे शेकड्यांनी निघतात. परतल्यावर ती कोणी फारशी पाहत नाही. रेखाटन मात्र करणाऱ्याला एकाच जागी बसवून ठेवते, आणि बसल्याखेरीज भिंत दिसत नाही.

अजिंठ्याचाच दाखला घेऊ. १८४४ साली रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आला. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा करू लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८८५ साली त्यांच्याही अनेक प्रतिकृती लंडनमध्येच आगीत सापडल्या. ज्या वाचल्या, त्यांचे मोल आज निराळेच आहे. भिंतीवरून पुढे गळून गेलेला काही भाग आता केवळ त्यांतच पाहावयास मिळतो. त्याच काळात चित्रे उठून दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निशही चढविण्यात आले. ते कालांतराने काळवंडले. नोंद करणाऱ्याचा हात मूळ वस्तूस लागता कामा नये, हा धडा असा महागात शिकावा लागला.

वहीत काय असावे? तारीख, वेळ, लेण्याचा क्रमांक, आपण कोठे बसलो आणि उजेड कोणत्या बाजूने आला, एवढे तर हवेच. आकाराचा अंदाज यावा म्हणून मापही लिहावे. समासात आपला अनुभवही यावा: वटवाघळांचा वास, पहारेकऱ्याची हाक, अवघडलेले पाय. वर्षांनंतर तोच समास सर्वांत आधी वाचला जातो.

सतराव्या लेण्यात आमच्या एका विद्यार्थ्याने गिलावा पडलेल्या जागी एका आकृतीचा चेहरा मनानेच पूर्ण केला. चेहरा इतका सुरेख उतरला होता की, खरे सांगावयाचे तर, तो पुसावयास सांगताना माझीच जीभ जड झाली. परंतु पाहणारा त्यास भिंतीवरचा चेहरा समजला असता. दुसऱ्या दिवशी त्याने रबर चालविले, तुटलेल्या कडा तुटक रेषेने दाखविल्या आणि कोऱ्या जागेत लहान अक्षरांत लिहिले: ‘येथे गिलावा नाही.’