रिंगणीच्या फुलाला नादकाटा

फाल्गुनात एस.टी.च्या खिडकीतून पाहिले, की पळस आणि पांगारा तेवढे दिसतात. कडेची रानफुले का दिसत नाहीत? समजा, बस ताशी 36 कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला 10 मीटर जात आहे. 2 मीटरवरचे फूल अगदी समोर आले, की त्यावर नजर ठेवण्यासाठी ती सेकंदाला सुमारे 286 अंश या वेगाने वळवावी लागेल. डोळ्याला हा पाठलाग जमत नाही. 100 मीटरवरच्या पळसासाठी हाच वेग 6 अंशांहूनही कमी असतो. तेव्हा खाली उतरा आणि सावकाश चाला.

पिवळा धोतरा दिसेल, दगडीपाला दिसेल. (दोघेही अमेरिका खंडातले पाहुणे, आता घरचेच झाले आहेत.) आपण थांबायचे ते जमिनीलगत पसरलेल्या काटेरी भुईरिंगणीपाशी. ही वांग्याची बहीण. जांभळ्या फुलाच्या मधोमध पाच पिवळे परागकोश असतात. प्रत्येकाच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. परागकण बाहेर पडतात ते तेथूनच.

फूल हाताने हलवून पाहा. फारसे काही पडत नाही. आता 512 हर्ट्झचा नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून त्याची भुजा परागकोशांना हलकेच टेकवा. खाली काळा कागद धरा. फिकट पिवळी भुकटी पडेल. फूल मात्र सकाळचे, ताजे घ्या. मी पहिल्यांदा दुपारचे घेतले आणि विद्यार्थ्यांसमोर फजिती झाली! माझ्या आधीच कोणीतरी ते रिकामे करून गेले होते.

असे का होते? कंपनातील कमाल त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हात सेकंदाला दोनदा 5 सें.मी. आयामाने हलवला, तर ते सुमारे 8 मी./से.² येते, गुरुत्वत्वरणापेक्षाही कमी. नादकाट्याचा आयाम केवळ 0.1 मि.मी. धरला, तरी ते गुरुत्वत्वरणाच्या शंभरपट भरते. गणित स्वतः करून पाहा.

निसर्गात हे काम भ्रमर करतो. फुलाला घट्ट धरून, पंख न फडफडवता, तो उड्डाणाचे स्नायू थरथरवतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. भ्रमर वाळक्या लाकडात घर कोरतो. आमच्या रस्त्याच्या कडा मार्चमध्ये पेटवून देतात. त्यात वाळकी खोडेही जातात. मग रिंगणी फुलली, तरी डब्यांची झाकणे उघडणार कोण?

नादकाटा नसेल, तर सकाळी रिंगणीजवळ दहा मिनिटे बसा. भ्रमर उडत येतानाचा स्वर ऐका. फुलावर बसताच तो एकदम चढेल.