वादळाची आगाऊ पारख

अमेरिकेच्या मध्यभागीं टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस व नेब्रास्का या सपाट प्रांतांत मुख्यतः एप्रिल ते जून या महिन्यांत भयंकर गडगडाटी वादळें होतात. त्यांतून मोठ्या गारा पडतात, व कधीं कधीं टॉर्नेडो नांवाचा प्रचंड भोंवरा जमिनीस टेंकतो. हीं वादळें समक्ष पाहण्याकरितां मोटारींतून शेंकडों मैल जाणारे लोक तेथें आहेत. त्यांचा हा नाद शेतकऱ्यास निरुपयोगी वाटेल. परंतु निघण्यापूर्वीं ते हवेची जी पारख करितात, ती आपल्याही कामाची आहे.

मोठ्या वादळास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात.

पहिली, जमिनीलगतचा ओलावा. तेथें तो मेक्सिकोच्या आखातावरून येतो. तो दवबिंदूवरून मोजतात. हवा जितक्या अंशांपर्यंत निवाली असतां तींतील वाफेचें दंव होऊं लागतें, तो दवबिंदु. तो सुमारें १५ अंश सेंटिग्रेडच्या वर गेला कीं हे लोक सावध होतात.

दुसरी, हवेची अस्थिरता. खालीं उष्ण व ओली आणि वर थंड हवा असली म्हणजे खालची हवा जोरानें वर उसळते. वरची स्थिति कळावी म्हणून वेधशाळा दिवसांतून दोनदां यंत्र बांधलेले फुगे सोडतात.

तिसरी, उठाव. ओल्या व कोरड्या हवेच्या सीमेवर किंवा थंड हवेच्या आघाडीवर खालची हवा वर ढकलली जाते. पुष्कळदां मध्यें उष्ण हवेचा थर झांकणासारखा बसतो. तो न फुटल्यास इतर सामग्री असूनही आभाळ कोरडें राहतें. दुपारीं फुटला, तर सांठलेला जोर एकदम बाहेर पडतो.

चौथी, उंचीबरोबर वाऱ्याची दिशा व वेग बदलणें. त्यामुळें चढती हवा पडत्या पावसापासून अलग राहते आणि ढग तासन् तास टिकतो. असा बदल नसेल, तर बहुधा तासाभरांतच ढग आपल्याच पावसानें विझतो.

ही पारख टप्प्याटप्प्यानें करावयाची असते. कांहीं दिवस आधीं केवळ प्रांत ठरतो; त्या दिवशीं सकाळीं नॉर्मन येथील वादळ-अंदाज केंद्राच्या पांच पायऱ्यांच्या नकाशावरून जिल्हे ठरतात; दुपारीं उपग्रह, रडार व स्वतःचे डोळे यांवरून वाट ठरते. ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर २० मार्च १९४८ रोजीं टॉर्नेडोनें मोठी हानि केली. पांचच दिवसांनीं, २५ मार्चला, फॉबुश व मिलर या अधिकाऱ्यांनीं तशीच लक्षणें ओळखून इशारा दिला व तो खरा ठरला. तथापि अंदाजास मर्यादा आहे. ३१ मे २०१३ रोजीं एल रेनोजवळ चार किलोमीटरांहून रुंद झालेल्या टॉर्नेडोनें एकाएकीं दिशा व वेग बदलला, आणि टिम समारस हे अनुभवी संशोधक, त्यांचा पुत्र व एक सहकारी त्यांत मृत्यु पावले. धोका कोठें आहे हें अंदाज सांगतो. वादळ कोणत्या बांधावरून जाईल हें सांगत नाहीं.

आपल्याकडे टॉर्नेडो क्वचित्. परंतु वळीव व गारपीट यांची सामग्री बरीचशी हीच. ओलावा समुद्रावरून येतो व वर थंड हवा शिरते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीनें महाराष्ट्रांत गहूं, हरभरा, ज्वारी, द्राक्षें व डाळिंबें यांची मोठी हानि केली. उभें पीक हलवितां येत नाहीं. पण पक्व झालेलें पीक आधीं काढतां येतें व खळ्यावरची रास झांकतां येते. म्हणून शेतकऱ्यानेंही टप्पे पाळावे. चार दिवस आधीं हवामान खात्याचा अंदाज पाहून कापणीचा क्रम ठरवावा. नारिंगी वा तांबडा इशारा येतांच गंजी झांकून जनावरें गोठ्यांत घ्यावीं. आणि पुढील तीन तासांचा इशारा मिळाला किंवा गडगडाट ऐकूं आला, कीं औत सोडून पक्क्या घरांत जावें. झाडाखालीं उभें राहूं नये. इशारा दहांपैकीं कांहीं वेळां फुकट जाईल. पण झांकलेली रास उघडण्यास घटकाभर पुरते, भिजलेली रास मात्र पूर्ववत् होत नाहीं.