तंजावूरच्या उन्हात केकचा धंदा

लहानपणी कुकरमध्ये केक भाजायची गोडी लागलेली मुलं मोठेपणी त्यावरच पोट भरायचं ठरवतात, तेव्हा मी त्यांना एकच विचारते: केक करायला आवडतो, की तोच केक रोज तसाच करायलाही आवडतो? चांगल्या स्वयंपाकाचा वारसा तंजावूरला आहेच: शरभोजीराजांच्या काळातलं (1798–1832) 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे पाककृतींचं पुस्तक इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेलं आहे आणि इथल्या आम्हा मराठी माणसांना त्याचा रास्त अभिमान आहे. पण राजवाड्याच्या मुदपाकखान्याला गिऱ्हाईक शोधायचं नव्हतं, खाणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नव्हते. घरच्या स्वयंपाकघराचंही तसंच. तिथे मिळालेली शाबासकी खरी असते, पण पदार्थाला बाजारात काय भाव येईल हे ती सांगत नाही. हिशोब मांडून बघा. अर्ध्या किलोचा केक 500 रुपयांना विकला असं धरू. साहित्य 200, खोका आणि पुठ्ठा 40, वीज 20, उरले 240. भाजणं, सजावट, भांडी आणि गिऱ्हाइकाचे फोन मिळून चार तास गेले, तर ताशी 60 रुपये पडले. बिघडलेला केक आणि पोचवायचं पेट्रोल यात धरलेलंच नाही.

त्यात आपल्या गावची हवा. लोणी 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा त्याच्या कितीतरी वर असतो. थंड खोलीत बसून लिहिलेल्या कृतीतलं बटरक्रीम इथे गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत ढासळतं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात उघडी बिस्किटं सादळतात. म्हणून मी नव्या माणसाला क्रीमच्या केकपेक्षा नानकटाई, टोस्ट, खारी असा कोरडा, घट्ट डब्यात टिकणारा माल आधी सुचवते. त्यात कला कमी दिसते हे खरं, पण न खपलेला माल दुसऱ्या दिवशीही विकता येतो.

यावर लोक म्हणतात, आवड नसेल तर पहाटे तीनला उठणार कोण? मला हे मान्य आहे. आवडीशिवाय या कामात कोणी टिकत नाही. पण ती आवड वजन करण्याची, भट्टी पुसण्याची, वही लिहिण्याचीही हवी. हिशोबाने आनंद मरतो हा आक्षेप मात्र मला पटत नाही. आनंद मारते ती उधारी. शिवाय घरून विकायचं तरी 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागतेच, म्हणजे वहीपासून सुटका नाही.

शिकायची सोय गावातच आहे. 1967 मध्ये भातावरच्या संशोधनासाठी सुरू झालेली संस्था आज निफ्टेम म्हणून ओळखली जाते. तिथे खाद्य-उद्योजकांसाठी प्रशिक्षण आणि इन्क्युबेशन केंद्र आहे. 2020 च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं, पण ते कर्जाला जोडलेलं. उरलेल्या रकमेचा हप्ता आपणच भरायचा. तेव्हा मोठी भट्टी घेण्याआधी एकच पदार्थ निवडा, तो एका वजनाचा, एका रंगाचा सलग काही महिने विका, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यात येऊ द्या, आणि स्वतःची मजुरी वजा करून काय उरतं ते पाहूनच बँकेत जा.