ज्यांना वगळलं, त्यांच्याच हाती

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 6:1-7

यरुशलेममधली पहिली मंडळी. रोज अन्नवाटप होतंय, पण ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटतायत. कुरकुर सुरू होते. प्रेषित ती दाबत नाहीत. सात जण निवडायला सांगतात. आता त्या सातांची नावं नीट वाचा: स्तेफन, फिलिप्प, तीमोन... सगळी ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांकडे वाटप सोपवलं गेलं.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1882 मध्ये त्या स्वतः विधवा झाल्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या (आपला गोंदियाचा भाग तेव्हा याच प्रांतात होता) आणि निराधार मुली, तरुण विधवांना सोबत घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आसरा मिळालाच, शिवाय शिक्षण आणि हाताला कामही मिळालं.

एखाद्या ताईचे पती गेले की आपण धान्य देतो, प्रार्थना करतो. चांगलंच आहे. पण संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कसा भरायचा, तहसीलमध्ये कुठली कागदं लागतात, हे जिने स्वतः केलंय तिलाच जास्त कळतं. मग मदत ठरवणाऱ्या आपल्या समितीत ती का नसावी?

आज करायचं: गावाकडच्या मंडळीला फोन करा आणि एवढंच विचारा, "समितीत विधवा बहिणी किती आहेत?"

प्रार्थना: प्रभू, आम्हाला नुसतं देणारे करू नकोस, ऐकणारेही कर. आमेन.