कोळंबीचे अंडे कशाने जागे होते?

कोळंबी संवर्धक बंधूंनो, अंड्यांतून पिले कमी निघाली की आपण बहुधा मादीला दोष देतो. पण कधी कधी दोष टाकीतील पाण्याचाही असतो. यामागील शास्त्र थोडक्यात पाहू.

थांबलेले अंडे : समुद्रातील अनेक अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या अंड्यांत पेशी विभाजन सुरू होऊन मध्येच थांबते. बाहेरून ठरावीक संकेत मिळाला तरच ते पुढे सरकते. प्रत्येक प्राण्याचा संकेत वेगळा असतो. तारामाशात हे काम १-मिथिल अॅडेनिन हे द्रव्य करते, असे जपानमधील कानातानी व सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखविले. काही शिंपल्यांत सेरोटोनिन हे काम करते.

कोळंबीचा संकेत : कोळंबीत हा संकेत खुद्द समुद्राच्या पाण्यातून मिळतो. अंडी मादीच्या अंगातून पाण्यात पडतात तेव्हा त्यांचे विभाजन अडलेले असते. कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील सिसिओनिया कोळंबीवर १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत, पाण्यातील मॅग्नेशियममुळे विभाजन पुन्हा सुरू होते असे दिसून आले. त्यासाठी फलन व्हावेच लागते असे नाही.

बीजोत्पादन केंद्रात घ्यावयाची काळजी :

१) अंडी सोडण्याच्या टाकीत क्षारता दर हजारी २८ ते ३५ भाग ठेवावी.

२) पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते. तेव्हा केवळ खाण्याचे मीठ टाकून क्षारता वाढवू नये. अशा पाण्यात क्षारतामापक योग्य आकडा दाखवील, पण मॅग्नेशियम कमीच राहील. दर हजारी ३५ भाग क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. शक्यतो पावसाळ्यापूर्वीच समुद्राचे स्वच्छ पाणी गाळून साठवावे.

३) अंड्याभोवती आवरण दिसले म्हणजे फलन झाले असे समजू नये. फलन न झालेल्या अंड्यावरही आवरण येते. सूक्ष्मदर्शकाखाली २, ४, ८ अशा सारख्या पेशी दिसल्या तरच अंडी चांगली समजावीत.

४) आवरण आले पण विभाजन नीट नसेल, तर मादीचा नराशी संयोग झाला होता का ते पाहावे. बहुतेक अंडी जशीच्या तशी राहिली असतील, तर पाण्यातील मॅग्नेशियम प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

प्रजनक मादी महाग असते. ती बदलण्यापूर्वी पाण्याची तपासणी करणे केव्हाही फायद्याचे ठरते.