विस्मरण आणि पुनराध्ययन

पहाटे उठून पाठ केलेले उत्तर सायंकाळी आठवत नाही, तेव्हा प्रौढ वयात शिक्षणाकडे वळलेला अध्ययनार्थी बहुधा वयाला दोष देतो. ‘आता डोक्यात काही राहत नाही’ हे वाक्य इतके परिचयाचे आहे, की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही.

स्मरण ही एकच क्रिया नव्हे. माहिती ग्रहण करून तिला मनात रूप देणे म्हणजे संकेतन, ते रूप टिकवणे म्हणजे धारणा आणि हवे तेव्हा ते जाणिवेत आणणे म्हणजे प्रत्यावाहन होय. यांपैकी कोणतीही पायरी अपुरी राहिली, तर विस्मरण घडते. पुष्कळदा तर ज्याला विसरणे म्हणतात, ते मुळात नीट ग्रहणच झालेले नसते.

विस्मरणाचे पद्धतशीर मोजमाप प्रथम जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी केले. त्यांचा स्मृतीविषयक ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. परिचित शब्दांना जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात. म्हणून त्यांनी दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या ते स्वतःच पाठ करीत. प्रयोग करणारे तेच आणि ज्याच्यावर प्रयोग होई तेही तेच! ठरावीक काळानंतर तीच यादी पुन्हा पाठ करण्यास किती वेळ कमी लागला, हे ते मोजत. या वाचलेल्या वेळेस ‘बचत’ म्हणतात. समजा, एखादी यादी प्रथम १० मिनिटांत आणि पुढे ६ मिनिटांत पाठ झाली, तर बचत ४० टक्के होते.

वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के भरली, एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४ आणि ३१ दिवसांनंतर २१. म्हणजे मोठी गळती आरंभीच होते. पुढे तिचा वेग मंदावतो. त्या वेळी एबिंगहाउस तिशीच्या आसपासचे होते. वयाचा स्मरणावर काहीच परिणाम होत नाही असे नव्हे. परंतु सायंकाळी उत्तर न आठवणे हा त्याचा पुरावा ठरत नाही. प्रयोग एकाच व्यक्तीवरचा होता, हा आक्षेप रास्त आहे. तथापि २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी तो पुन्हा केला, तेव्हा वक्ररेषा बरीचशी तशीच आली. अर्थपूर्ण मजकूर मात्र याहून अधिक टिकतो.

बचतीच्या कल्पनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जे मुळीच आठवत नाही, तेही पूर्णपणे पुसले गेलेले असतेच असे नाही. तरुणपणी पाठ केलेली बायरन या इंग्रज कवीची कडवी एबिंगहाउस यांनी २२ वर्षांनी पुन्हा पाठ केली, तेव्हाही थोडी बचत आढळली. फार पूर्वी शाळा सुटलेल्या व्यक्तीला अपूर्णांकांची रीत सांगता येत नसेल. तरी तिची सुरुवात अगदी शून्यातून होत नाही.

सराव कसा करावा, यासंबंधीही त्यांची एक नोंद महत्त्वाची आहे. बारा अक्षरगटांच्या यादीची एका दिवशी सलग ६८ आवर्तने करून जो लाभ झाला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. पुढे २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचण्यास सांगितले, तर काहींना तो न पाहता आठवून लिहिण्यास सांगितले. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहिणाऱ्यांना अधिक आठवले.