रिकीब आणि सांधेदुखी : घोडेस्वारांसाठी व त्यांच्या डॉक्टरांसाठी

माळव्यातील मराठी घराण्यांना घोडा परका नाही. होळकर-शिंद्यांच्या फौजांबरोबरच आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या प्रांती आले. आज घोडा दारातून गेला असला, तरी मैदानावर त्याचे आकर्षण कायम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळविले. अश्वारोहणातील हे सुवर्ण १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आले आणि त्या संघात इंदूरची सुदिप्ती हजेला होती. घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांचे आणि हौसेने पुन्हा जिनावर बसणाऱ्या प्रौढांचे गुडघे, घोटे व खुबे दुखू लागले, की रिकीब बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो केव्हा योग्य व केव्हा घातक, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रिकिबीचे कार्य

घोडा दुडक्या चालीने चालू लागला, की प्रत्येक पावलाचा धक्का स्वाराला सोसावा लागतो. हा धक्का घोटा, गुडघा व खुबा या तीन सांध्यांनी वाटून घ्यावयाचा असतो. त्यांपैकी एक जरी आखडला, तरी त्याचा वाटा उरलेल्या दोघांवर पडतो. म्हणूनच दुखणारा सांधा आणि दोषी सांधा एकच असेल असे नाही. ‘टाच खाली’ या आज्ञेचा अतिरेक करून घोटा ताठ धरणाऱ्या स्वाराचा गुडघा दुखतो, तो यामुळेच.

प्रथम लांबी, मग खरेदी

नवी रिकीब घेण्यापूर्वी पट्ट्याची लांबी तपासावी. तिला खर्च येत नाही. जिनावर बसून दोन्ही पाय रिकिबीबाहेर सैल सोडले असता, जिच्यावर पाऊल टेकते ती तळपट्टी साधारणतः घोट्याच्या हाडाशी यावी. येथून आरंभ करावा. पट्टा आखूड असेल तर गुडघा अधिक दुमडतो व वाटीमागील दाब वाढतो. उडीच्या सरावासाठी आखूड पट्टा लागतोच, पण रपेटीला तो तसाच ठेवण्याचे कारण नाही. गुडघ्यापुढे दुखत असल्यास एक छिद्र सैल करून काही दिवस पाहावे. उलटपक्षी, पट्टा फार लांब झाला तर स्वार बोटांनी रिकीब शोधत राहतो. पोटऱ्या आवळतात व कंबर डुलते.

आणखी एक दुर्लक्षित बाब अशी, की आपण डावीकडून चढत असल्याने डावा पट्टा हळूहळू ताणून लांब होतो. छिद्रे सारखी मोजूनही मग दोन्ही पाय असमान राहतात व एकाच बाजूचा खुबा किंवा कंबर दुखू लागते. पट्टे अधूनमधून अदलाबदल करावेत आणि चढताना चौथरा वापरावा. चौथऱ्यामुळे स्वाराच्या गुडघ्यावरील आणि घोड्याच्या पाठीवरील ताणही कमी होतो.

कोणत्या दुखण्यास कोणती रिकीब

पारंपरिक लोखंडी रिकीब घोड्याच्या अंगाशी समांतर लोंबते. पाय घालण्यासाठी ती पाव वळसा फिरवावी लागते आणि पीळ पडलेला पट्टा तिला सतत मागे वळवू पाहतो. हा पीळ घोट्यातून गुडघ्यापर्यंत पोहोचतो. ज्यांना गुडघ्याच्या कडेस दुखते, त्यांनी वरचे भोक आधीच काटकोनात वळविलेली रिकीब वापरून पाहावी.

चवड्यात जळजळ होत असेल किंवा बोटे बधिर होत असतील, तर रुंद व मऊ तळपट्टीची रिकीब उपयोगी पडते. दाब मोठ्या भागावर विभागला जातो. आखडलेल्या घोट्यासाठी बाजूंना लवचीक सांधे असलेली रिकीब मिळते. मात्र ज्यांचे अस्थिबंध मुळातच सैल आहेत किंवा घोटा वारंवार मुरगळतो, त्यांना स्थिर तळपट्टीच हितकर. लवचीक रिकिबीचा रबराखालील सांधा झिजला तरी बाहेरून दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. खुब्याचे दुखणे बहुधा रिकिबीपेक्षा जिनाच्या व घोड्याच्या रुंदीशी निगडित असते.

एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही. औषधयोजनेचा हाच नियम येथेही लागू आहे.

सुरक्षिततेशी तडजोड नको

आरामासाठी घेतलेली रिकीब पाय अडकवणारी नसावी. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा ती सुमारे २ ते २.५ सेंटिमीटर रुंद असावी. अरुंद रिकिबीत पाय अडकतो, तर अतिरुंद रिकिबीतून लहान मुलाचे पाऊल आरपार जाते. पडलेला स्वार अशा वेळी फरफटत जातो. म्हणून मुलांना प्रौढांच्या रिकिबी देऊ नयेत. कमी वजनाच्या मुलांसाठी बाहेरच्या बाजूस रबरी कडे असलेली, ताण येताच सुटणारी रिकीब घ्यावी. ते कडे बाहेरच्याच बाजूस आहे व रबराला चिरा नाहीत, हे पाहावे. टाच असलेले बूट आवश्यक आहेत. खेळाचे सपाट बूट चालत नाहीत.

मुलांचे दुखणे : रिकिबीआधी तपासणी

वाढत्या वयात गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दुखणे, म्हणजे ऑस्गुड-श्लॅटर, आणि टाचेमागे दुखणे, म्हणजे सेव्हर, हे विकार नेहमीचे आहेत. विश्रांती, स्नायूंचे ताण-व्यायाम व पट्ट्याची योग्य लांबी यांनी ते आटोक्यात येतात.

परंतु सुमारे १० ते १६ वर्षांच्या, विशेषतः स्थूल मुलाचा गुडघा दुखत असेल व तो लंगडत असेल, तर खुबा तपासल्यावाचून त्यास परत पाठवू नये. स्लिप्ड कॅपिटल फिमोरल एपिफिसिस या विकारात मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या पट्टीवरून घसरते. दोष खुब्यात असतो, पण कित्येकदा वेदना फक्त मांडीत वा गुडघ्यात जाणवते. मूल उताणे झोपवून खुबा दुमडावा. मांडी आपोआप बाहेर वळत असेल व आत वळताना अडत असेल, तर स्वारी बंद करावी, त्या पायावर भार देऊ नये आणि दोन्ही खुब्यांचे समोरून व बाजूने एक्स-रे त्याच दिवशी काढून अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ‘दोन आठवडे रिकीब बदलून पाहू’ असे म्हणण्यात घसरण वाढते, डोक्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो आणि जन्मभराचे लंगडेपण पदरी पडू शकते.

तसेच रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, सुजलेला सांधा किंवा सकाळचा दीर्घ ताठरपणा यांचे कारण जिनावर शोधू नये. स्वारी केल्यावरच सुरू होणारी, विश्रांतीने थांबणारी व तपासणीत निर्दोष सांधा दाखवणारी वेदना तेवढी रिकिबीच्या खात्यावर मांडावी. पालकांनीही मुलाला खोगीराच्या दुकानात नेण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. खरेदी आठवडाभर थांबली तरी बिघडत नाही.